एका प्रयोगाच्या गावात

मुंबईत नवं विनोदी नाटक पहिल्या प्रयोगाला निम्मं रिकामं गेलं, तरी निर्माता लगेच हातपाय गाळत नाही. शनिवारी रात्री ज्या तीनशे लोकांनी नाटक पाहिलं, ते सोमवारी कचेरीत, लोकलमध्ये, सोसायटीच्या जिन्यात त्याबद्दल बोलतात. पुढच्या रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात नाहीतर ठाण्याच्या गडकरी रंगायतनात दुसरा प्रयोग असतो, मग पार्ल्याच्या दीनानाथमध्ये तिसरा. नाटकवाले याला ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. पेपरातल्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ती खात्रीची असते आणि तिला पैसे पडत नाहीत. तिची अट एकच: पुढचा प्रयोग असला पाहिजे.

सोलापुरात गाडी इथेच अडते. पुण्याहून सुमारे अडीचशे आणि मुंबईहून चारशेच्या वर किलोमीटर कापून नाटकाची बस येते, मागून सेटचा टेम्पो येतो. दुपारी हुतात्मा स्मृती मंदिरात सेट उभा राहतो, रात्री प्रयोग होतो, पडदा पडल्यावर तासाभरात सेट पुन्हा टेम्पोत चढतो आणि मंडळी पुढच्या गावाला निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर कोणी सांगतो, ‘काल काय हसलो बे!’ ऐकणारा विचारतो, ‘परत कधी आहे?’ याचं उत्तर कोणाकडेच नसतं. तोंडी प्रसिद्धी अगदी वेळेवर सुरू झालेली असते, पण विकायला तिकीटच उरलेलं नसतं.

एका प्रयोगाच्या गावात नाटकाची ख्याती नाटकाच्या आधी पोचावी लागते. हे काम गेली काही दशकं टीव्हीवरची छोटी हजेरी करत आली आहे. पाच-दहा मिनिटांचा प्रवेश, एखादी मुलाखत, दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बसणं, एवढाच तिचा ऐवज. ती कशी काम करते, कुठे फसते आणि सोलापूरच्या एखाद्या संस्थेला तिच्यापासून काय घेता येईल, ते या प्रकरणात पाहू.

खुर्चीत कोण बसतं?

आधी प्रेक्षक ओळखून घेऊ. हुतात्मा स्मृती मंदिर हे नाव ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. ही चार नावं वाचली तरी शहराची घडण कळते. त्यात पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली वस्ती मिळवा. अनेक घरांत कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलतात आणि मराठी बाहेर पडल्यावर येते. अशा शहरात नाट्यगृह भरायचं तर पुण्या-मुंबईच्या पेठेतली शाब्दिक कोटी पुरत नाही. ‘हे नाटक आपल्यासाठी आहे’ अशी खात्री आधी पटावी लागते. पेपरातल्या चौकटीत नाटकाचं नाव, नटांची नावं आणि ‘धमाल विनोदी’ एवढे शब्द मावतात. पण हा विनोद आपल्याला कळेल का, ते त्यातून समजत नाही. पाच मिनिटं पाहिल्यावर समजतं.

इथला माणूस नाटक परकं मानत नाही. अतुल कुलकर्णींसारखा नट सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’तून घडला, फैय्याज याच मातीतल्या. शंभराव्या नाट्यसंमेलनाचा विभागीय सोहळा जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरात झाला. शहराला नाटकाची गोडी नव्याने लावायची गरज नाही. अडचण आहे ती एका संध्याकाळीच सगळी तिकिटं खपवण्याची.

टीव्ही नव्हता तेव्हा

टीव्हीच्या आधीही विनोदी प्रयोग गावोगाव भरून जात होते. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ च्या सुमारास रंगभूमीवर आलं. त्यात दादा कोंडके ताज्या घडामोडींवरच्या कोपरखळ्या घालत. कालचा आणि आजचा प्रयोग तंतोतंत सारखा नसल्यामुळे तोच माणूस पुन्हा तिकीट काढायचा. लोकनाट्याच्या बतावणीत ही सोय पहिल्यापासून आहे. दोघे समोरासमोर उभे राहतात, एक प्रश्न विचारतो, दुसरा फाटा फोडतो आणि गावातलंच एखादं नाव बोलण्यात गुंफलं जातं. बतावणी आटपली तरी वग पुढे बाकीच असतो. थोडक्यात हसवून प्रेक्षकाला पुढच्या मोठ्या गोष्टीसाठी बसवून ठेवण्याचं हे तंत्र टीव्हीच्या कितीतरी आधीचं आहे.

लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे दुसरं उदाहरण. एक माणूस, बावन्न पात्रं, सेट जवळजवळ नाहीच. हा प्रयोग कॅसेटवरूनही घराघरांत पोचला. कॅसेट पाठ असलेली माणसं तिकीट काढून येत आणि पुढचं वाक्य आधीच ओठांवर घेऊन बसत. पु. ल. देशपांडे यांच्या एकपात्री प्रयोगांचंही असंच होतं. सगळं आधी देऊन टाकलं तर कोण येईल, या भीतीला हे चोख उत्तर आहे. पण त्या उत्तराला मर्यादा आहे. पाठ झालेला विनोद पुन्हा ऐकायला माणूस कीर्तनाला जावा तसा जातो, कारण त्याला सांगणारा ऐकायचा असतो. रहस्यावर, गैरसमजावर, ‘आता हा पकडला जाणार’ या धास्तीवर उभं असलेलं प्रहसन असं आधी वाटून टाकता येत नाही. आपला प्रयोग यांपैकी कोणत्या जातीचा, हे टीव्हीच्या स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी ठरलेलं बरं.

गजऱ्यापासून थुकरटवाडीपर्यंत

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ‘गजरा’मध्ये छोट्या नाटुकल्या असत, तर सुरेश खरे यांच्या ‘नाट्यावलोकन’मध्ये रंगभूमीवर चालू असलेल्या नाटकांची ओळख होई. मराठी नाटकाला छोट्या पडद्यावरची जागा पहिल्यांदा तिथे मिळाली. लांबच्या जिल्ह्यांत ते चित्र पोचायला मात्र पुढचं दशक उजाडावं लागलं. तोवर ते मुंबई-पुण्याच्याच प्रेक्षकाला खुणावत होतं, आणि त्याला तोंडी प्रसिद्धी तशीही मिळत होती.

खरा फरक पडला तो खासगी वाहिन्यांमुळे. १५ ऑगस्ट १९९९ ला ‘अल्फा मराठी’ आली, पुढे तीच ‘झी मराठी’ झाली. ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये आली. केबलवरून एकच कार्यक्रम एकाच रात्री बोरिवलीत, बार्शीत आणि सोलापूरच्या पूर्व भागात दिसू लागला. जाहिरातीच्या बाबतीत मुंबई आणि सोलापूर यांच्यातलं चारशे किलोमीटरचं अंतर मिटलं. प्रयोगाच्या बाबतीत ते तसंच राहिलं.

या काळात हजेरीच्या तीन तऱ्हा पक्क्या झाल्या.

पहिली पाहुणचाराची. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे यांच्या थुकरटवाडी या काल्पनिक गावात चित्रपटांचे आणि नाटकांचे संच पाहुणे म्हणून येत. तिथे प्रसिद्धीची पद्धतच उलटी होती. पाहुण्याने आपल्या कलाकृतीचं कौतुक करायचं नाही, यजमानांनी तिची टर उडवायची आणि पाहुण्याने पोट धरून हसायचं. आपली फजिती पाहून हसणारा नट घरातल्या माणसाला आपला वाटतो. ‘आमचं नाटक जरूर पाहा’ हे वाक्य शेवटी येई, तोवर निम्मं काम झालेलं असे.

दुसरी तऱ्हा नाटकाचं नावही न घेता होते. प्रशांत दामले यांनी ‘आम्ही सारे खवय्ये’मधून वर्षानुवर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं. बोलणं फोडणीचं आणि भाजणीचं. पण दुपारी जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसलेल्या बाईला हा माणूस माहितीचा होत गेला, आणि नाटकाला कधी जायचं हे बऱ्याच घरांत तीच ठरवते. दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला. ही संख्या टीव्हीने दिलेली नाही, रंगमंचावरच्या कष्टाने दिलेली आहे. पण लांबच्या गावात प्लॅन उघडतो, म्हणजे आगाऊ तिकीटविक्री सुरू होते, तेव्हा नाटकाच्या नावापेक्षा नटाचं नाव आधी वाचलं जातं, हेही तितकंच खरं.

तिसरी तऱ्हा स्किटची. ‘फू बाई फू’पासून ती रुजली आणि २०१८ मध्ये सोनी मराठीवर आलेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने तिचं पीक काढलं. इथे नट आठवड्यागणिक नवी स्किट करतो आणि मग तेच चेहरे नाटक घेऊन दौऱ्यावर निघतात. प्रसाद खांडेकर यांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं ‘कुर्रर्रर्र’ हे ठळक उदाहरण. त्यात ते स्वतः, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव आणि पंढरीनाथ कांबळे असे टीव्हीवर गाजलेले चौघे होते. अशा संचाला गावात ओळख करून द्यावी लागत नाही. फ्लेक्सवर चार चेहरे लावले की पुरतं.

जगातले धडे

हा खेळ मराठीपुरता नाही. लंडनच्या व्हाइटहॉल थिएटरमध्ये १९५० साली ‘रिलक्टंट हिरोज’ हे लष्करी छावणीतलं प्रहसन सुरू झालं. नट आणि निर्माता ब्रायन रिक्स. १९५२ मध्ये बीबीसीने या नाटकाचा फक्त पहिला अंक टीव्हीवर दाखवला आणि तिकीट खिडकीवर गर्दी उसळली. पुढे अनेक वर्षं रिक्स आणि बीबीसी यांचं हे नातं टिकलं. पहिलाच अंक दाखवणं यातली मेख आहे. प्रहसनाच्या पहिल्या अंकात गाठी बसतात, त्या सुटतात पुढे. गाठ पाहिलेला माणूस ती सुटताना पाहायला येतो.

दुसरा धडा न्यूयॉर्कचा. ‘कॅमलॉट’ ही संगीतिका डिसेंबर १९६० मध्ये रंगमंचावर आली. समीक्षकांचं मत संमिश्र होतं आणि खेळ डळमळत होता. मार्च १९६१ मध्ये एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तिची साधारण वीस मिनिटं सादर झाली. दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीसमोर रांग लागली आणि प्रयोग १९६३ पर्यंत चालले. हे नाटक विनोदी नव्हतं, पण नियम तोच लागू पडतो: ज्यांनी समीक्षा वाचली नव्हती त्यांनी स्वतः पाहून ठरवलं.

अमेरिकेतले एकट्याने उभं राहून हसवणारे कलाकार तर जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’साठी पाच-सहा मिनिटांचा ऐवज वर्षानुवर्षं घासत. १९८२ मध्ये स्टीव्हन राइट तिथे पहिल्यांदा आला, त्याला आठवड्याच्या आत पुन्हा बोलावलं गेलं आणि छोट्या क्लबांत फिरणारा माणूस मोठ्या सभागृहांचा झाला. मिनिटं पाचच, पण त्यामागची तयारी पाच वर्षांची असते.

काय दाखवायचं, काय राखायचं

आता कारागिरीकडे येऊ. सोलापुरात शेंगाचटणीच्या दुकानात दुकानदार तळहातावर चिमूटभर चटणी ठेवतो. ती चव घेऊन भाकरी आठवली पाहिजे, पोट भरता कामा नये. टीव्हीवरच्या तुकड्याचंही तेच. त्यासाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट, रंगमंचावरचं प्रत्येक आश्चर्य कॅमेऱ्यात आश्चर्य राहत नाही. १५ ऑगस्ट २००२ रोजी सुरू झालेल्या केदार शिंदे यांच्या ‘सही रे सही’त भरत जाधव चार भूमिका करतात. एका दारातून गेलेला माणूस क्षणात दुसऱ्या दारातून वेगळ्या रूपात येतो, तेव्हा नाट्यगृह टाळ्यांनी उठतं, कारण मध्ये संकलन नाही हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत असतं. तेच टीव्हीवर दाखवा. प्रेक्षकाला वाटतं, मध्ये चित्रण थांबवलं असेल. त्याच्या लेखी ती साधी गोष्ट होते. असं दृश्य पडद्यावर खर्चण्यापेक्षा त्याबद्दल नटाने मुलाखतीत सांगावं, विंगेत कपडेपटाची माणसं कशी उभी असतात, बटणांऐवजी काय लावलेलं असतं ते सांगावं. ऐकलेली गंमत पाहायला माणूस येतो.

दुसरी गोष्ट हशाची. नाट्यगृहात नट वाक्य टाकतो, हशा येतो, तो ओसरू लागला की पुढचं वाक्य येतं. हशा हा त्या लयीचा अर्धा भाग असतो. रिकाम्या स्टुडिओत तोच प्रवेश तसाच केला तर थांबे पोकळ वाटतात आणि चांगलं नाटक पडेल दिसतं. म्हणून समोर वीस-पंचवीस माणसं तरी बसवायची, नाहीतर थांबे काढून प्रवेश घट्ट करायचा. आवाज आणि हातवारेही आवरायचे. शेवटच्या रांगेसाठी उंचावलेली भुवई जवळच्या कॅमेऱ्यात ओरडल्यासारखी दिसते.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची, आणि ती दोन्ही बाजूंनी कापते. स्किटमधला नट पाहायला आलेला प्रेक्षक त्याच्याकडे स्किटचंच वाक्य मागतो. नाटकातलं पात्र वेगळं असेल तर पहिली दहा मिनिटं त्या अपेक्षेशी झुंजण्यात जातात. टीव्हीवरचा तुकडा निवडताना नट या नाटकात कोण आहे ते दिसलं पाहिजे. नाहीतर प्रसिद्धी नटाची होते, नाटकाची होत नाही, आणि मध्यंतरात ‘टीव्हीवर याहून भारी करतो’ हे वाक्य ऐकू येतं.

उलटा प्रवास

इथवर नाटक आधी आणि टीव्ही नंतर असं चाललं होतं. सोलापूरचं स्वतःचं उदाहरण याच्या उलट आहे. ‘झी मराठी’वरच्या ‘हास्यसम्राट’ या स्पर्धेतून प्रा. दीपक देशपांडे हे सोलापूरचं नाव महाराष्ट्रभर गेलं आणि ‘हास्यसम्राट’ ही उपाधी त्यांच्या नावाला चिकटली. स्पर्धेत कलाकाराला मिळतात मोजकी मिनिटं. पण ज्याच्या पोतडीत आधीपासून दोन तासांचा ऐवज आहे, त्याच्यासाठी ती मिनिटं म्हणजे गावोगाव वाटलेलं ओळखपत्र ठरतं.

एकपात्री कलाकाराचं अर्थकारणही नाटकापेक्षा वेगळं. त्याचं तिकीट बहुधा प्रेक्षक काढत नाही. गणेशोत्सव मंडळ, व्याख्यानमाला, पतसंस्थेचा वर्धापनदिन किंवा महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन मानधन ठरवून त्याला बोलावतं. निर्णय चार-पाच कार्यकर्त्यांच्या बैठकीत होतो. त्या बैठकीत ‘टीव्हीवर आला होता तो’ एवढं वाक्य पुरतं, कारण बोलावणाऱ्याला स्वतःच्या निवडीची जबाबदारी घ्यावी लागत नाही. टेम्पो नाही, सेट नाही, एक माणूस आणि एक माईक. त्यामुळे तो त्याच गावात वर्षाने पुन्हा जाऊ शकतो. नाटकाला जी तोंडी प्रसिद्धी सोलापुरात वापरता येत नाही, ती त्याला वापरता येते. मात्र टीव्हीवर जळलेला ऐवज त्याला पुन्हा काढता येत नाही. दहा मिनिटांत वर्षाची बेगमी संपते, म्हणून अशा कलाकाराला सतत नवं लिहावं लागतं.

स्थानिक संस्थेसाठी

सोलापुरातल्या एखाद्या हौशी किंवा अर्धव्यावसायिक संस्थेला मुंबईच्या मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं येईलच असं नाही. पण स्थानिक केबलवरचं वार्तापत्र आणि वृत्तवाहिन्यांचे जिल्हा प्रतिनिधी आवाक्यात असतात. त्यांच्यासाठी तयारी साधी आहे, बहुतेक जण ती करत नाहीत एवढंच.

दोन मिनिटं देतो म्हणणारी वाहिनी शेवटी चाळीस सेकंद दाखवते. म्हणून चाळीस सेकंदांचा एक पूर्ण तुकडा आधीच बसवून ठेवावा: एक अडचण, एक गैरसमज आणि दार वाजल्याचा आवाज. उत्तर नाही. बोलणारा एकच असावा आणि त्याने ‘सर्वांनी अप्रतिम काम केलंय’ हे वाक्य गिळून टाकावं. त्याऐवजी तालमीतली एखादी खरी फजिती सांगावी. वार, वेळ, नाट्यगृह आणि तिकीट कुठे मिळेल, या चार गोष्टी पडद्यावर अक्षरांत दिसतील असं वाहिनीला आधी सांगून ठेवावं. हजेरी प्लॅन उघडल्यानंतर, प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात व्हावी. महिनाभर आधी आलेलं हसू तोवर विसरलेलं असतं आणि आदल्या दिवशी आलेल्या हसण्याला संध्याकाळ मोकळी ठेवायला वेळ नसतो. लेखकाची परवानगी मात्र तुकडा दाखवण्याआधी घ्यावी. प्रयोगाचा हक्क आणि प्रक्षेपणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाहेरून आलेली बस रात्रीच निघून जाते, तिला इलाज नाही. गावातली संस्था मात्र इथेच असते, आणि हा तिच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे. टीव्हीने पहिल्या प्रयोगाला माणूस आणला की त्याचं काम संपलं. त्या माणसाच्या तोंडून दुसरा माणूस येणार असेल, तर त्याच्यासाठी खुर्ची शिल्लक असली पाहिजे. तेव्हा टीव्हीवर जाण्याआधी नाट्यगृहाच्या दोन तारखा घ्या, आणि दुसरी तारीख पहिल्या प्रयोगाच्या मध्यंतरात जाहीर करा.